इंग्रजी स्पेलिंग नेमके कुठे चुकते? नेहमी चुकणारे शब्द आणि लक्षात ठेवायच्या सोप्या खुणा

नोकरीचा अर्ज असो, ऑफिसचा ईमेल असो की अभिनंदनाची पोस्ट, काही ठरावीक इंग्रजी शब्दांपाशी हात अडखळतोच. हे शब्द फार नाहीत. चूक का होते हे कळले, तर ते कायमचे लक्षात राहतात.

चूक का होते?

मराठीत आपण बहुतेक शब्द जसे बोलतो तसेच लिहितो. हीच सवय इंग्रजीत नडते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले, उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइफ'मधला 'के' एके काळी उच्चारला जात असे. आज तो फक्त लिहिण्यापुरता उरला आहे. म्हणून कानापेक्षा शब्दाच्या घडणीवर विश्वास ठेवा.

शब्दात लपलेला शब्द शोधा

- सेपरेट : 'पी'नंतर 'ई' नाही, 'ए' येतो. मधली अक्षरे ए-आर-ए-टी, म्हणजे 'अ रॅट'. शब्दाच्या पोटात उंदीर आहे!
- डेफिनेटली : आत 'फायनाइट' हा पूर्ण शब्द आहे. त्यामुळे 'एन'नंतर 'ए' नको, 'आय' हवा.
- गव्हर्न्मेंट : 'गव्हर्न' म्हणजे राज्य करणे. त्यातला 'एन' ऐकू येत नाही, पण लिहायचा.
- बिझनेस : मूळ शब्द 'बिझी'. शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो : बी-यू-एस-आय, पुढे 'नेस'.
- वेन्सडे : हा वोडन या देवाचा वार. त्याच्या नावातला 'डी' अजून टिकून आहे : डब्ल्यू-ई-डी-एन-ई-एस, पुढे 'डे'.

जोडअक्षरे किती?

- अकोमोडेशन : दोन 'सी', दोन 'एम'.
- नेसेसरी : एक 'सी', दोन 'एस'. शर्टाला कॉलर एक, स्लीव्ह्ज दोन.
- टुमॉरो : एक 'एम', दोन 'आर'.

ऐकून फसवणारे शब्द

- कॉंग्रॅच्युलेशन्स : 'जीआरए'नंतर 'डी' नाही, 'टी' येतो.
- प्रनन्सिएशन : 'प्रोनाउन्स' या क्रियापदात 'ओयू' आहे, नामात फक्त 'यू' राहतो.
- रिसीव्ह : 'सी'नंतर 'ई' आधी, मग 'आय'. 'बिलीव्ह'मध्ये उलट. या नियमाला अपवाद आहेत; 'वीअर्ड' आणि 'सीझ' हे त्यांपैकी नेहमीचे.

मोबाइलही पकडत नाही अशा चुका

लिहिलेला शब्द चुकीच्या जागी असला, तरी शब्दकोशात असेल तर बऱ्याचदा त्याखाली लाल रेघ येत नाही. 'लूझ' म्हणजे गमावणे, यात एकच 'ओ'. दोन 'ओ' लिहिले की तो 'लूस', म्हणजे सैल. 'संधी गमावू नका' असे सांगायचे असते आणि वाचणारा वाचतो, 'संधी सैल करू नका'! तसेच सल्ला या नामात 'सी', तर सल्ला देणे या क्रियापदात 'एस'. 'क्वाएट' म्हणजे शांत, तो 'ईटी'ने संपतो. 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी, तो 'टीई'ने.

'कलर'मध्ये 'यू' घालणे ही ब्रिटिश पद्धत, गाळणे ही अमेरिकन. दोन्ही बरोबर आहेत. पण एका अर्जात एकच पद्धत ठेवा. आणि महत्त्वाचा मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा सावकाश, शब्द न् शब्द वाचून पाहा.