रामदास: 17 जुलै 1947, सकाळी 8 ते संध्याकाळी 5

सकाळी 8, भाऊचा धक्का

गुरुवार. आषाढातली अमावस्या, म्हणजे गटारी. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणारी अलिबागकडची माणसं सणाला घरी निघालेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. 'रामदास' ही आगबोट सातशेच्या आसपास माणसं घेऊन अलिबागकडच्या रेवसला सुटली. वाट नेहमीची, साधारण दीड तासाची. बोटीवर वायरलेस नव्हता. सगळ्यांना पुरतील इतकी लाइफ जॅकेटं नव्हती.

त्या दिवशी ही बोट बुडून एवढी माणसं का मेली, याचं बरंचसं उत्तर या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच ते ठरून गेलं होतं. जो कोणी नव्याने होडी हाकायला शिकतो आहे, त्याने हे आधी मनावर घ्यावं. जॅकेटं मोजायची, ती अंगावर चढवून पट्टे आवळायचे, मुलांसाठी मुलांच्या मापाची आहेत का ते बघायचं, संपर्काचं साधन चालतं का ते तपासायचं. ही सगळी कामं दोर सोडण्याआधीची. लाटा उसळू लागल्यावर ती करू म्हणणारा माणूस ती करू शकत नाही.

आणि तिथी पाहायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची ओढ वाढते. ओढ एकीकडे आणि वारा तिच्या उलट असला की लाटा आखूड, उभ्या आणि फार त्रासदायक होतात. कोळ्यांच्या घरात हे पोरांनाही ठाऊक असतं. शहरातून हौसेने समुद्रावर जाणाऱ्याला ते मुद्दाम शिकावं लागतं.

साडेआठच्या आधी

बंदराचा आडोसा मागे पडला. पाऊस आणि वारा वाढत गेला, लाटा मोठ्या झाल्या. नवख्याला इथेच चकवा बसतो. धक्क्यावरून जे पाणी दिसतं ते आडोशाचं असतं, खरा समुद्र पुढे भेटतो. तो मानवणार नाही असं वाटलं, तर परत फिरण्याची वेळ हीच. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, परतायचं ठरवलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याला घाई करणारे प्रवासीही धोका वाढवतात.

8 वाजून 35 मिनिटं, काशाच्या खडकाजवळ

एक मोठी लाट उजव्या बाजूवर आदळली. पाणी आत आलं. घाबरलेली माणसं जीव घेऊन डाव्या बाजूला धावली. बोट त्या अंगाला कलली, आणि सावरली नाही. जॅकेटांसाठी झोंबाझोंबी झाली. थोड्याच वेळात 'रामदास' बुडाली. धक्का सोडून तेव्हा जेमतेम अर्धा तास झाला होता.

माणसं धावली त्यात त्यांचा दोष नाही; पाणी ज्या बाजूने येतं तिच्यापासून दूर पळायचं, असंच शरीर सांगतं. पण बोटीचं गणित वेगळं आहे. बोट थोडी कलली की पाण्याचा दाब तिला पुन्हा उभी करू बघतो. त्याच क्षणी शेकडो माणसांचं वजन कललेल्या बाजूला गेलं, तर सावरण्याची ती ताकद पुरी पडत नाही. माणसं उभी असतील तर भार वर चढतो आणि बोट आणखी डळमळते. म्हणून होडी लहान असो की मोठी, हेलकावा बसला की खाली बसायचं, जागा सोडायची नाही आणि हाताशी येईल ते घट्ट धरायचं. चालवणाऱ्याने वेग कमी करून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेच्या दिशेने, किंचित तिरकी ठेवायची. मोठी लाट आडव्या अंगावर घेऊ नये.

साडेनऊ, रेवस

बोट पोचायची वेळ. बोट आली नाही. पावसाळ्यात आगबोटीला उशीर होणं नवलाचं नव्हतं. मुंबईत तर ती सुखरूप गेली असंच धरून चालले होते. या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त छळते ती हीच वेळ. माणसं अजून पाण्यात होती, तगून होती, आणि दोन्ही किनाऱ्यांवर कुणालाही काही कळलेलं नव्हतं.

दुपार

मदत आली ती कोळ्यांची. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी ती समुद्रात फेकून होड्यांत माणसं घेतली, असं सांगतात. सरकारी यंत्रणेला पत्ता नसताना जी माणसं वाचली, त्यांतली बरीचशी या होड्यांमुळे वाचली.

पाण्यात पडलेल्याने किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नये. अंतर फसवतं आणि दम आधी संपतो. उलटलेली होडी, फळी, पिंप, जे तरंगतं ते धरून राहावं. एकट्या डोक्यापेक्षा उलटी होडी शोधणाऱ्याला लांबून दिसते.

संध्याकाळी 5 च्या सुमारास, मुंबई

तरंगत्या कड्याच्या आधाराने वाहत आलेला एक लहान मुलगा मुंबईच्या किनाऱ्याला लागला होता. त्याच्याकडून बातमी कळली. बोट बुडाल्याला तोवर आठ तास उलटले होते. सहाशेहून अधिक माणसं गेली.

18 डिसेंबर 2024 ला त्याच मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जण गेले. मदत या वेळी लगेच धावली. पण 'नीलकमल'वरच्या अनेक प्रवाशांच्या अंगात तेव्हाही जॅकेट नव्हतं.

तुम्ही पाण्यावर जाल तेव्हा जॅकेट धक्क्यावरच घाला. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. कुठे जाताय, सोबत कोण आहे आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा. ती वेळ टळली आणि तुमच्याशी संपर्क होत नसला, तर त्याने वाट पाहत बसू नये. तटरक्षक दलाला 1554 वर फोन लावावा.