जीपला ब्रेक कधी लागले?

आपल्याकडे जीप म्हटले की महिंद्रा आठवते. मुंबईत १९४७ साली ज्यांची जुळणी सुरू झाली त्या गाड्या मुळातल्या अमेरिकन विलिस. इथे अमेरिकेत अजूनही हौशी मंडळी जुन्या जीप बाळगून आहेत, आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये आडवी पडून बहुतेक वेळा ब्रेकच बदलत असतात. त्याला कारण आहे.

महायुद्धातल्या विलिसला इंजिन ६० अश्वशक्तीचे आणि चारही चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक. मास्टर सिलिंडर एकच, तोही ड्रायव्हरच्या पायाखाली. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी! पण चिखलातून रांगणाऱ्या गाडीला ते चालून गेले.

पुढे ही गाडी सीजे नावाने शेतावर आणि मग हायवेवर आली. १९६५ मध्ये तिला व्ही-६ इंजिन मिळाले, १९७२ मध्ये पाच लिटरचे व्ही-८. पुढच्या चाकांना डिस्क मात्र मिळू लागली १९७७ मध्ये! जग्वारने डिस्क लावून ल मांसची शर्यत १९५३ सालीच जिंकली होती. रेंज रोव्हर १९७० मध्ये आली तीच चारही डिस्क घेऊन. म्हणजे तंत्र नव्हते असे नाही. इंजिनाची जाहिरात करता येते, ब्रेकची कोण करणार, असा माझा आपला अंदाज.

वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. घाट उतरताना ड्रम तापतो, फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. पेडल खाली खाली जाते. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी साठते. डिस्क उघडी, लगेच वाळते.

म्हणून लोक भंगारातून शेव्हरोले पिकअपचे कॅलिपर आणि डिस्क आणून जीपच्या अॅक्सलवर चढवतात. गोची पुढेच आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आवळून घेतो, डिस्क तसे काही करत नाही. त्यामुळे दाब जास्त लागतो आणि व्हॅक्यूम बूस्टर बसवावा लागतो. शिवाय ड्रमच्या लाइनमध्ये दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याच्या सीजेची नवी कोरी डिस्क पहिल्याच फेरीत करपली ती यामुळेच. चाकाकडे पाहून काहीच कळेना, दोष बसला होता मास्टर सिलिंडरमध्ये!

आता त्याने मागच्या ड्रमचा दाब कमी करणारी झडप बसवली आहे. इतक्या आखूड गाडीची मागची चाके आधी अडकली तर ती गर्रकन फिरते. रिकाम्या पार्किंगमध्ये जोरात ब्रेक मारायचा, झडपेचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, पुन्हा ब्रेक मारायचा, असा त्याचा उद्योग सध्या चालू आहे.