तापल्या तारेचे मखर

मखरांच्या इतिहासात कमानी, महिरपी आणि देवळ्या यांचे वर्णन पुष्कळ येते; त्या कापल्या कशाने, हे सहसा कोणी लिहीत नाही. केळीचे खांब आणि रंगीत कागद यांच्या जोडीला थर्माकोल आला, तेव्हा त्याच्याबरोबर घरोघरी एक नवे हत्यारही आले. ते म्हणजे तापलेली तार.

या पदार्थाचे मूळ शोधू जाता आपण थेट देवघरापाशीच येतो. १८३९ साली बर्लिनमधील औषधविक्रेते एडुआर्ड सिमॉन यांनी स्टोरॅक्स नावाच्या राळेपासून एक तेलकट द्रव काढला व तो ठेवल्या ठेवल्या घट्ट झाला. ही राळ म्हणजेच आपल्या धुपात पडणारा शिलारस. पुढे हा द्रव खनिज तेलापासून होऊ लागला. स्टायरीन या नावात मात्र राळेची आठवण राहिली. १९४९ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीतील फ्रिट्झ श्टास्टनी यांना त्या घट्ट पदार्थाचे फुगलेले रूप गवसले. त्यात शेकडा ९८ भाग नुसती हवा असते. म्हणूनच पुरुषभर उंचीची कमान एका हाताने उचलता येई.

सुरीने कापू गेल्यास याचे दाणे सुटतात आणि कड खडबडीत होते. सुमारे १०० अंश सेल्सियसला मात्र तो मऊ पडतो. आल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली पेटंट घेतलेली निकेल-क्रोमियमची तार, जी विजेच्या शेगडीत असते, तीच येथे कामास आली. पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी बांबूची कांब वाकवून तीत तार ताणावी आणि लहान ट्रान्सफॉर्मरमधून बेताचा प्रवाह सोडावा. तापली की तार लांबते व सैल पडते. बांबूचा ताण ती सैलाई आपोआप ओढून घेतो. घरगुती हत्यारांत याहून शहाणी योजना आम्हांस आठवत नाही.

खरे कौशल्य हाताच्या गतीत. तार कापत नाही, पुढचा भाग वितळवीत जाते. म्हणून ती दाबायची नसते, वाट झाली तसे सरकायचे असते. घाई केली तर तार मध्ये बाक घेते आणि महिरप पोटात वाकडी निघते. रेंगाळले तर चीर रुंदावते, धूर होतो, आणि तो धूर छातीस बरा नव्हे. जाड ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस पुठ्ठ्याचे सारखे नमुने टाचून त्यांवर आकडे घालीत. दोन टोकांस दोघे उभे राहत आणि आकडे मोठ्याने म्हणत तार एकाच वेळी पुढे नेत. जाळीच्या आतील नक्षीसाठी तापल्या सुईने भोक पाडून त्यातून तार ओवावी लागे. बारीक रेषा मेणबत्तीवर तापवलेल्या दाभणाने निघत. तैलरंग मात्र वर्ज्य, कारण त्यातील द्रावक मखरच खाऊन टाकी.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तीत सजावटीचा थर्माकोलही होता. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, म्हणजे इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांनाही ती लागू आहे. बंदी योग्यच झाली. विसर्जनानंतर नदीकाठी साचणारा तो पांढरा चुरा कुजत नाही. गोव्यात माटोळीला रानातली फळे-पाने टांगतात, त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

परंतु पदार्थ गेला तसे त्याबरोबरचे हस्तकौशल्यही नोंदीवाचून जात आहे, याची आम्हांस रुखरुख आहे. ज्या घरांच्या माळ्यावर अशा धनुकल्या आणि आकडे घातलेले नमुने अजून असतील, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी त्यांची मापे आणि करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. मखरे आता पुठ्ठ्याची होऊ लागली आहेत. पुठ्ठ्यावर तार चालत नाही, तो करपतो. त्याला सुरी लागते, आणि सुरीचा हात निराळा.