लिनक्सच्या ‘पॅच’खालील सही

‘लिनक्स’ या मुक्त संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवला. त्यात कोणालाही भर घालता येते; मात्र केलेला बदल ‘पॅच’च्या रूपाने संबंधित विभागाच्या देखभालकर्त्याकडे ई-मेलने पाठवावा लागतो. पॅच दुरुस्तीसाठी दोन-तीनदा परत येणे हे नित्याचेच. त्याने नाउमेद होऊ नये.

खरे महत्त्व आहे ते पॅचखालील ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या ओळीला. आयबीएमने युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करीत ‘एससीओ’ कंपनीने २००३ मध्ये दावा गुदरला आणि कोणती ओळ कोठून आली, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यामुळे २००४ पासून पाठविणाऱ्याने नावानिशी ग्वाही देण्याची पद्धत सुरू झाली : हा कोड माझा आहे, अथवा तो मुक्त परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे. पॅच पुढे नेणारा प्रत्येक देखभालकर्ताही त्याखाली आपली सही जोडतो.

नोकरदार प्रोग्रॅमरने येथे विशेष सावध असावे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडवर पहिला हक्क मालकाचा असतो. तेव्हा सही करण्यापूर्वी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी.