सातबाऱ्यावरची ओळ आणि नववं परिशिष्ट

आपल्या चोपडा तालुक्यातले जुने फेरफार कधी चाळलेत? '१-४-५७', 'कलम ३२ ग' अशा नोंदी हमखास सापडतात. १ एप्रिल १९५७ म्हणजे कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. नात्यागोत्यात काही घरी पेढे, काही घरी सुतक! लग्नाच्या पंगतीत त्यावरून अजून टोमणे निघतात. पण ही ओळ टिकली कशी, हे फारसं कुणी सांगत नाही.

कूळकायदा १९४८ चा. चोपडा तेव्हा पूर्व खानदेशात, मुंबई प्रांतात. १९५० साली राज्यघटना आली आणि मालमत्ता हा मूलभूत हक्क झाला. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. संसदेने जूनमध्येच पहिली घटनादुरुस्ती केली. ३१ अ हे कलम आणलं, शिवाय कोर्टापासून वाचवायच्या १३ कायद्यांची यादी, म्हणजे नववं परिशिष्ट. यादीत पहिला बिहारचा कायदा आणि दुसरा आपला कूळकायदा.

पण कृषक दिन आणणारी दुरुस्ती १९५६ ची. ती यादीत नव्हती. जमीनमालक सुप्रीम कोर्टात गेले. ३१ अ चं संरक्षण 'इस्टेटी'पुरतं, आणि इथे तर रयतवारी. साध्या खातेदाराचं शेत इस्टेट कसं? नोव्हेंबर १९५८ मध्ये कोर्टाने १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातली व्याख्या पाहिली: जमिनीतला कोणताही हितसंबंध म्हणजे इस्टेट. कुळांची मालकी एका व्याख्येवर तरली! केरळच्या कायद्याची वेळ आली तेव्हा, १९६१ साली, त्याच कोर्टाने तिथल्या रयतवारी जमिनी इस्टेटीत बसत नाहीत असं म्हटलं. म्हणून १९६४ मध्ये संसदेने घटनेतली व्याख्याच रुंदावली.

पुढे सीलिंग आलं. १९७५ पासून कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर, बारमाही बागायतीची १८. त्या वादातूनच वामनराव खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सीलिंग वाचवलं, पण १९८० च्या त्याच निकालात एक रेघही ओढली. २४ एप्रिल १९७३, म्हणजे केशवानंद भारती निकालाच्या दिवसानंतर परिशिष्टात घातलेला कायदा कोर्ट तपासू शकेल. २००७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तेच पक्कं केलं. तोवर १३ ची यादी २८४ वर गेली होती, आणि त्यातले सगळे कायदे काही शेतजमिनीचे नव्हते.

मला वाटतं, १९५१ ला दार लावलं नसतं तर कुळाच्या हाती कोर्टाच्या तारखाच उरल्या असत्या. पण ते दार कायमचं बंद ठेवलं असतं, तर उद्या त्याच कुळाच्या नातवाची जमीन घेणारा कायदाही आत जाऊन बसला असता, आणि त्याने दाद कुठे मागायची?

तुमच्याकडच्या उताऱ्यांवर काय नोंदी आहेत? जरूर कळवा.