नाव, गाव, सातबारा सगळंच ऑनलाइन! कास्तकारांनी आपली माहिती जपायची कशी?

वर्धा : वावरात फवारणी सुरू असते आणि फोन वाजतो. समोरचा माणूस पूर्ण नाव घेऊन बोलतो. गाव सांगतो, गट नंबर सांगतो, वरून "तुमच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे, म्हणून हप्ता अडकला" असंही सांगतो. इतकं सगळं बरोबर सांगणारा माणूस खोटा कसा असेल, असं कोणालाही वाटते. माणूस फसतो तो इथंच. कारण एवढी माहिती काढायला ना तलाठी लागत, ना बँकेतला साहेब. मोबाइल घेऊन थोडा वेळ बसलं की आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) पासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत कोणत्याही गावातल्या खातेदाराची एवढी माहिती कोणालाही मिळते.

ही माहिती कुठं कुठं दिसते, त्यातली कोणती झाकता येते आणि फसवणूक झालीच तर पहिल्या तासात काय करायचं, ते एका ठिकाणी समजून घेऊ.

कोणत्या ठिकाणी काय दिसते?

महाभूलेख : जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर किंवा नुसत्या नावानेही सातबारा शोधता येते. खातेदारांची नावं, क्षेत्र, पिकं आणि 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसते. पाहण्यासाठीचा उतारा फुकट आहे, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळते.

पीएम किसान : गावनिहाय लाभार्थी यादी सर्वांसाठी खुली आहे.

रोजगार हमी : मनरेगाच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतनिहाय जॉब कार्ड, मजुरांची नावं आणि कामाचे दिवस दिसतात.

मतदार यादी : नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक.

नोंदणी व मुद्रांक विभाग : खरेदी-विक्रीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन. यात घेणारा, देणारा, पत्ता आणि व्यवहाराची रक्कम असते. वावर विकून कोणाच्या हाती पैसा आला, हे यातून कळू शकते.

यातली एकेक यादी वेगळी पाहिली तर फार काही बिघडत नाही. पण चार याद्या एकत्र जोडल्या की माणसाचं घर, जमीन, कर्ज आणि कुटुंब असं पूर्ण चित्र उभं राहते.

मग मोबाइल नंबर कुठून जाते?

वरच्या याद्यांमध्ये सहसा मोबाइल नंबर नसते. तो बहुतेक वेळा आपल्याच हातून गेलेला असते. बियाणे कंपनीच्या मेळाव्यातली नोंदवही, लकी ड्रॉची चिठ्ठी, दुकानातलं बिल, झेरॉक्स सेंटरला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार आणि पासबुक ही त्याची नेहमीची ठिकाणं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतील तर दोनशेही जणांना तुमचा नंबर दिसते.

याहून घातक म्हणजे अनुदानाच्या याद्या. अतिवृष्टीची मदत आली की नाव, विशिष्ट क्रमांक, कधी बँक खातं आणि आधारसुद्धा असलेली यादी ग्रुपवर फिरवली जाते. टाकणाऱ्याचा हेतू चांगला असते, लोकांनी लवकर केवायसी करावी एवढाच. पण एकदा फिरलेली यादी परत गोळा करता येत नाही.

याद्याच बंद करायच्या का?

नाही. याद्या खुल्या आहेत म्हणूनच गावात बोगस लाभार्थी कोण आहे ते कळते. मजुराला आपल्या नावावर खोटी हजेरी लागली का ते तपासता येते. जमीन घेणाऱ्याला आधी बोजा पाहता येते. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आला, त्याच्या कलम ४ मध्ये लाभार्थ्यांची माहिती शासनाने आपणहून जाहीर करावी असंच सांगितलं आहे.

पण नाव जाहीर करणं वेगळं आणि आधार क्रमांक जाहीर करणं वेगळं. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक असा सार्वजनिकरित्या प्रसिद्ध करता येत नाही. यादीत नाव, गाव, रक्कम असली की पारदर्शकता पूर्ण होते. त्यासाठी खातं नंबर आणि आधार दाखवण्याची गरजच नसते. ग्रामसभेत हाच मुद्दा मांडला पाहिजे.

हे आधी घडलेलं आहे

२०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने एक अहवाल काढला. रोजगार हमी आणि पेन्शनसह चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडल्याचा अंदाज त्यात मांडला होता. २०२२ मध्ये पीएम किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर जात असल्याचं एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं. नंतर ती चूक दुरुस्त झाली.

२०२३ मध्ये कर्नाटकात आणखी वेगळा प्रकार पुढं आला. खरेदीखतावरच्या अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेतून खात्यातले पैसे उचलले गेले. या सेवेत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागते. ओटीपी येतच नाही. त्यामुळे "आपण ओटीपी दिलाच नाही, मग पैसे कसे जातील" हे समाधान पुरेसं नाही.

आजच करता येतील अशी कामं

१. बायोमेट्रिक लॉक : एम-आधार ॲपवर किंवा आधारच्या संकेतस्थळावर अंगठा आणि डोळ्यांचे ठसे लॉक करता येतात. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे. लॉक असताना राशन दुकानात किंवा केवायसीला अंगठा चालत नाही. अशा वेळी ॲपमधून थोड्या वेळासाठी उघडायचं. घरात म्हाताऱ्या माणसाच्या नावावर राशन असेल तर ही गोष्ट आधी शिकून घ्यावी, नाहीतर दुकानातून रिकाम्या हाताने परत यावं लागेल.

२. मास्क्ड आधार : यात शेवटचे चार आकडेच दिसतात. चालत असेल तिथं हेच द्यावं. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहावं, "फक्त अमुक कामासाठी", खाली तारीख आणि सही.

३. झेरॉक्स सेंटर, सेतू : कागद व्हॉट्सॲपवर पाठवला तर काम होताच 'सगळ्यांसाठी डिलीट' करावं आणि दुकानाच्या संगणकावर राहिलेली फाईलही समोर उभं राहून काढायला लावावी. दुकानदाराला यात वाईट वाटण्याचं कारण नाही.

४. व्हॉट्सॲप : प्रायव्हसीमध्ये फोटो आणि 'लास्ट सीन' फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करावं. ग्रुपमध्ये कोण जोडू शकते तेही 'माय कॉन्टॅक्ट्स' वर ठेवावं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावं.

५. एपीके फाईल : 'पीएम किसान', 'केवायसी', 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर आली तर उघडायची नाही, पुढं तर पाठवायचीच नाही. सरकारी योजनेचं ॲप असं फाईल करून कोणी पाठवत नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी त्याचाच फोन हॅक झालेला असू शकते.

६. जुना सिम : रिचार्ज बंद करून सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळते. तो बँकेला किंवा आधारला जोडलेला राहिला तर तुमचे ओटीपी त्याच्याकडं जातील. सिम सोडण्याआधी दोन्हीकडं नंबर बदलावा.

७. आपल्या नावावर किती सिम : संचार साथी संकेतस्थळावर ते पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच 'माझा नंबर नाही' अशी तक्रार करता येते.

८. जाहिरातीचे फोन : १९०९ वर 'स्टार्ट ०' असा मेसेज इंग्रजीत पाठवला की जाहिरातीचे फोन बंद करण्याची नोंद होते. बँकांच्या कामकाजाच्या फोनसाठी १६०० पासून सुरू होणारी नंबर मालिका ठरवून दिली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी बँकेच्या नावाने बोलत असेल तर फोन ठेवून सरळ शाखेत जावं.

नेटवर आलेला नंबर काढायचा कसा?

आधी आपलाच नंबर गुगलवर टाकून पाहावा. एखाद्या पानावर नंबर किंवा पत्ता दिसला तर गुगलकडं वैयक्तिक माहिती काढण्याचा अर्ज ऑनलाइन भरता येते. मात्र गुगलने काढलं म्हणजे फक्त शोधात दिसणं थांबते. मूळ पानावर माहिती तशीच राहते, म्हणून त्या संकेतस्थळालाही कळवावं लागते.

ट्रूकॉलरमध्ये नाव नको असेल तर आधी खातं बंद करून मग त्यांच्या संकेतस्थळावर नंबर 'अनलिस्ट' करावा. सरकारी यादीत आधार किंवा खातं नंबर दिसला तर त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार आणि १९४७ या आधारच्या क्रमांकावर फोन करावा.

बायाबापड्यांच्या नंबरबाबत जास्त जपलं पाहिजे. बचत गटाच्या अध्यक्ष, आशाताई, अंगणवाडी सेविका यांचे नंबर फलकावर, ग्रुपवर सगळीकडं असतात. कामासाठी ते लागतातही. पण नको असताना वारंवार फोन, मेसेज करून मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कॉलची यादी आणि मेसेज डिलीट न करता जपून ठेवावेत, पुरावा तोच असते.

पैसे गेलेच तर?

लाजून घरी बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला कळवून खातं, कार्ड बंद करावं. चुकून एपीके उघडली असेल तर फोन आधी फ्लाईट मोडवर टाकावा, सिम काढावं आणि १९३० ला दुसऱ्याच्या फोनवरून लावावं. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच धरलं जाते. तारखेला महत्त्व आहे ते यामुळे.

कायदा कुठवर आला?

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काढून टाकायला लावण्याचा हक्क यात आहे. माहिती नीट न जपणाऱ्यावर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्येही बदल केला. त्यामुळे गोपनीयतेचं नाव सांगून उपयोगाची माहितीच नाकारली जाईल, अशी हरकत माहिती अधिकाराचे कार्यकर्ते घेत आहेत. गावाने दोन्हीकडं लक्ष ठेवलं पाहिजे.

तोवर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी, आईबाबांना तर आधी. फोनवरच्या माणसाने तुमची माहिती खरी सांगितली म्हणजे तो माणूस खरा, असं होत नाही. फोन ठेवायचा आणि तहसील, बँक किंवा कृषी कार्यालयात जाऊन विचारायचं. आणि १९३० हा नंबर मोबाइलमध्ये तर ठेवावाच, पण घरात कॅलेंडरवरही लिहून ठेवावा. मोबाइलच हातचा गेला तर तोच कामी येईल.