नागवंगाची शंका

पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली ‘रसरत्नसमुच्चय’ छापला. तीस अध्यायांचा हा संस्कृत ग्रंथ साधारण तेराव्या शतकातला मानतात. त्याच्या अकराव्या अध्यायातली पाऱ्याच्या दोषांची विभागणी मला फार बोलकी वाटते. विष, वह्नी आणि मल हे तीन दोष नैसर्गिक. नाग आणि वंग, म्हणजे शिसे आणि कथील, हे दोन ‘यौगिक’, बाहेरून मिसळलेले. ते का मिसळले जात, हेही रसग्रंथ, म्हणजे पाऱ्याच्या औषधांवरचे ग्रंथ, सांगतात: विक्रीसाठी. भेसळीची एवढी स्पष्ट नोंद औषधाच्या ग्रंथात मिळणे मोलाचे आहे.

त्याहून जुन्या ‘रसहृदयतंत्रा’त गोविंद भगवत्पादांनी पातनाचे, म्हणजे पारा उकळून त्याची वाफ पुन्हा जमवण्याचे, कारण देताना ‘शंका’ हाच शब्द वापरला आहे. पाऱ्यात नागवंग असल्याची शंका, म्हणून तो तांब्याबरोबर खलून पिष्टी (लगदा) करायची आणि मग तिचे पातन करायचे. औषधी पाऱ्याच्या आठ संस्कारांत पातन पाचवे.

त्याचे यंत्र ‘समुच्चया’च्या नवव्या अध्यायात अंगुळांच्या मापासह दिले आहे. एका भांड्याच्या तोंडात दुसऱ्याचे तोंड बसवायचे, सांधा म्हशीचे दूध, चुना, मंडूर आणि काकवी यांनी लिंपून वाळवायचा, वरच्या जलाधारात पाणी ओतायचे आणि खाली जाळ लावायचा. हे लिंपण वाचताना लिहिणाऱ्याने भट्टीजवळ बसून काम पाहिले असावे असे वाटते. सांध्यातून वाफ निसटली तर पाराही गेला आणि माणसाच्या श्वासात विषही.

कृतीचा अर्थ आज नीट लागतो. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, शिसे १७०० अंशांच्याही पुढे. म्हणून पारा वर जाऊन थंडाव्याला जमतो आणि शिसे-कथील तळाशी तांब्याबरोबर राहते. हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या खनिजातून, काढलेला पारा निर्दोष, असे नंतरचे ग्रंथ म्हणतात, तेही याच्याशी जुळते. हिंगुळ आणून वैद्याने स्वतः पारा काढला, तर विकत घेतलेल्या पाऱ्यातली भेसळ त्यात येण्याचे कारण नाही.

या ग्रंथांवरून माझा निष्कर्ष एवढाच: पातनाने पाऱ्यातली भेसळ खरोखर जात होती. पाऱ्याचे स्वतःचे विष मात्र उकळून जात नाही, कारण वर जमतो तोही पाराच. औषधाच्या वेष्टनावर ‘शोधित’ (शुद्ध केलेले) असे छापलेले दिसले, तरी त्यातल्या पाऱ्या-शिशाच्या तपासणीचा दाखला मागा.